प्रतिपालनातील मुलाने स्वतः जोडलेली मैत्री: ती ओळखावी कशी आणि सांभाळावी कशी

बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 44 अन्वये बाल कल्याण समितीच्या आदेशाने एखादे मूल प्रतिपालनासाठी (फॉस्टर केअर), म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळण्यासाठी, आपल्या घरी राहायला येते, तेव्हा त्याच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते. कोणत्या घरात राहायचे, कोणत्या शाळेत जायचे, आईला किंवा वडिलांना कधी भेटायचे, हे सारे आधी कागदावर ठरते आणि मग मुलाला सांगितले जाते. प्रतिपालक कितीही मायाळू असले, तरी त्यांची निवड मुलाने केलेली नसते. म्हणून अशा मुलाने स्वतःहून जोडलेली पहिली मैत्री, मग ती कितीही अनपेक्षित माणसाशी असो, त्याच्या नव्या आयुष्यातील अत्यंत मोलाची गोष्ट असते. ती कशी ओळखावी, तिची पारख कशी करावी आणि तिच्यात ढवळाढवळ न करता तिचे रक्षण कसे करावे, हे गोव्यात असे मूल सांभाळणाऱ्या किंवा सांभाळण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी येथे सविस्तर मांडत आहे.

मैत्री नेमकी कोणाशी होते

प्रतिपालक सहसा असे गृहीत धरतात की मूल वर्गातल्या मुलांमध्ये रमेल, आणि तसे झाले नाही तर काळजीत पडतात. प्रत्यक्षात वर्गातले गट बालवाडीपासून जमलेले असतात, आणि समवयस्क मुले निरागसपणे तेच प्रश्न विचारतात ज्यांची उत्तरे या मुलाला द्यायची नसतात: तुझे आडनाव घरातल्यांपेक्षा वेगळे का, तुझे बाबा काय करतात, तू आधी कुठल्या शाळेत होतास. याउलट गावातला एखादा वयस्क कारागीर, फेरीबोटीवरचा कर्मचारी, संध्याकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर, देवळात पखवाज वाजवणारे आजोबा किंवा बाजारात भाजी विकणारी बाई यांना हातातल्या कामापुढे असल्या चौकशांना सवड नसते. मूल त्यांच्या शेजारी बसते, काम पाहते, हळूहळू हात लावते. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा एकाच कामाकडे पाहत शेजारी बसणे दुखावलेल्या मुलाला किती सोपे जाते, हे ज्यांनी असे मूल सांभाळले आहे त्यांना ठाऊक असेल.

गोव्यात याला आणखी एक पैलू आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे माणसाची ओळख गाव, वाडा, घराणे आणि देवस्थान यांवरून पटवली जाते. कुळदेव कोणता, कोणत्या देवस्थानाचे महाजन (देवस्थानात वंशपरंपरेने हक्क असलेले सभासद), मूळ घर कुठे, हे कळले की समोरच्या माणसाला आपल्या मनात जागा मिळते. प्रतिपालनातील मुलाजवळ यांपैकी कोणत्याच प्रश्नाचे सरळ उत्तर नसते, आणि महाजनकी घराण्याच्या परंपरेने येत असल्यामुळे प्रतिपालकांची इच्छा असली तरी त्या अर्थाने ते मुलाला आपल्यात सामावून घेऊ शकत नाहीत. अशा मुलाला गावात पाय रोवायचे असतील, तर त्याला जन्माशी संबंध नसलेली एखादी जागा लागते. काम शिकवणारा किंवा कामात सोबत घेणारा मित्र नेमकी तीच जागा देतो.

संशोधनातूनही हेच दिसले आहे. हवाई बेटांपैकी काउआई येथे 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. ज्या मुलांच्या वाट्याला गरिबी, कौटुंबिक कलह किंवा पालकांचे आजारपण यांसारख्या अनेक अडचणी आल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ आणि समाधानी प्रौढ झाली. त्यांना बळ देणाऱ्या गोष्टींपैकी एक होती आयुष्यातील एखाद्या स्थिर, आस्था असलेल्या माणसाची साथ, आणि तो माणूस दर वेळी आई किंवा वडीलच होता असे नाही. कधी आजी-आजोबा, कधी शिक्षक, कधी शेजारी होते.

चित्रशाळेचे उदाहरण

एका उदाहरणावरून पुढच्या गोष्टी स्पष्ट होतील. कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, त्यामुळे गाव, वय आणि इतर तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.

डोंगराकडच्या एका गावात दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्रतिपालनासाठी आला. घरात तो जेवायचा, अभ्यास करायचा, सांगितलेले ऐकायचा, पण कोणत्याच गोष्टीत त्याचा जीव नव्हता. गोव्यातील बहुतेक शाळा दुपारी सुटतात आणि त्यानंतरचा वेळ अशा मुलाला खायला उठतो. आषाढ लागला आणि वाटेवरची चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मातीच्या मूर्ती घडवण्याची जागा, उघडली, तसा तो शाळेतून उशिरा येऊ लागला. घरच्या बाईंनी चौकशी केली तेव्हा कळले की तो चित्रशाळेच्या दारात उभा राहतो. तिथले मूर्तिकार सत्तरीच्या घरातले, कमी बोलणारे. काही दिवसांनी त्यांनी त्याला नावही न विचारता भिजवलेल्या मातीतले खडे काढायला बसवले. मग माती मळणे आले, साच्याला माती लावणे आले. गावातल्या घराघरांतून पाट (ज्यावर त्या-त्या घरची मूर्ती बसवतात ते) चित्रशाळेत येऊन पडू लागले, तेव्हा कोणता पाट कोणाचा हे लक्षात ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि त्या निमित्ताने गावातले प्रत्येक घर त्याला माहीत झाले व प्रत्येक घराला तो माहीत झाला. आधी वाटेत भेटणारे लोक त्याला ‘तू कोणाचो रे?’ असे विचारत. आता ‘बाबू, आमचा गणपती सुकला काय?’ असे विचारू लागले.

घरच्या बाईंनी या सगळ्यात जे केले ते शिकण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यातच त्या स्वतः आपला पाट घेऊन चित्रशाळेत गेल्या, मूर्तिकारांशी बोलल्या, तिथे आणखी कोण काम करते ते पाहिले, आणि मुलगा कोणत्या वेळेपर्यंत घरी यायला हवा ते सांगून आल्या. मुलाचा पूर्वेतिहास मात्र त्यांनी सांगितला नाही. ‘आमच्याकडे राहतो, आमचाच आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी मुलाला उलटसुलट प्रश्न केले नाहीत. त्याचा मातीने माखलेला गणवेश धुतला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत जुना शर्ट घालून दिला. त्या जुन्या शर्टाने मुलाला जे सांगितले, ते शब्दांत सांगायला त्यांना बराच काळ लागला असता.

पारख कशी करावी

मैत्रीला मोकळीक देण्याआधी तिची नीट पारख करणे ही प्रतिपालकांची जबाबदारी आहे. प्रतिपालनातील मुलाला आपलेपणाची भूक असते आणि त्या भुकेचा गैरफायदा घेणारी माणसेही असतात, हे मान्य करूनच पुढे जावे.

सर्वांत आधी जागा पाहावी. चित्रशाळा, देवळाचा मंडप, धक्का, बाजार, वाचनालय या येत्याजात्या माणसांच्या जागा आहेत, आणि मैत्री अशा जागी उघड्यावर वाढत असेल तर अर्धी काळजी मिटते. बंद खोलीत, एकट्याने, इतरांच्या नजरेआड होणाऱ्या भेटींना परवानगी देऊ नये, मग समोरचा माणूस गावात कितीही प्रतिष्ठित असो. दुसरी गोष्ट लपवाछपवीची. ‘हे घरी सांगू नकोस’ असे वाक्य मुलाच्या कानावर कधी पडले का, हे सहज बोलताना जाणून घ्यावे. ते पडले असेल तर तेथेच थांबावे. तिसरी गोष्ट भेटवस्तूंची. खाऊचा पुडा किंवा स्वतः केलेली मातीची चिमणी वेगळी, आणि मोबाईल, रोख पैसे किंवा महागडे कपडे वेगळे. चौथी गोष्ट म्हणजे फोन: वयस्क मित्राचे मुलाशी बोलणे घरच्या फोनवर, घरच्यांच्या देखत व्हावे, रात्री-अपरात्री संदेशांतून होऊ नये.

मूल परत येते तेव्हा कसे असते, हे या सगळ्याच्या बरोबरीने पाहावे. चांगल्या मैत्रीतून परतलेले मूल दमलेले असले तरी मोकळे असते, भूक लागल्याचे सांगते, काय केले त्याचे तुकड्या-तुकड्यांनी वर्णन करते. मूल गप्प होत असेल, त्या माणसाचे नाव काढताच चिडत असेल, अंथरुण ओले करू लागले असेल किंवा तिथे जायचे टाळूनही नाही म्हणायला घाबरत असेल, तर भेटी ताबडतोब थांबवाव्यात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी किंवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे त्याची खबर देणे बंधनकारक आहे. गावात बोलणी होतील म्हणून थांबणे मुलासाठी घातक ठरते. गोव्यात 2003 चा स्वतंत्र गोवा बाल कायदाही आहे आणि त्याखाली बाल न्यायालय स्थापन झालेले आहे.

एक गोष्ट कारागिरांच्या बाबतीत विशेष सांगायला हवी. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि कुटुंबाच्या व्यवसायात शाळेनंतर हातभार लावण्याची जी सवलत आहे ती दुसऱ्याच्या चित्रशाळेला लागू होत नाही. त्यामुळे मुलाने शिकावे, हात लावावा, पण ठरावीक तास, ठरावीक काम आणि मजुरी असे स्वरूप त्याला येऊ देऊ नये. हे मूर्तिकारांना आधीच नम्रपणे सांगितलेले बरे. बहुतेकांना त्यात काही वावगे वाटत नाही.

कोणाला कळवावे

कायद्याप्रमाणे समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करायची असते. अनेक कुटुंबे या भेटीकडे परीक्षा म्हणून पाहतात आणि मुलाची शाळा, आरोग्य, आहार एवढेच सांगतात. मैत्रीची माहितीही तेव्हाच द्यावी, आणि ती मुलाच्या वैयक्तिक काळजी योजनेत लिहून घेण्याचा आग्रह धरावा. या नोंदीला पुढे फार महत्त्व येते, कारण मुलाला दुसरीकडे हलवण्याचा विचार झाला तर कागदावर असलेल्या नात्याचा विचार होतो, नसलेल्याचा होत नाही. निर्णयप्रक्रियेत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कलम 3 ने मुलाला दिलेला आहे. त्यामुळे मित्राविषयी त्यालाच बोलू द्यावे, आपण त्याच्या वतीने बोलू नये. रात्रीचा मुक्काम, राज्याबाहेरचा प्रवास किंवा दूरच्या जत्रेला मित्राच्या कुटुंबासोबत जाणे असे प्रसंग आले, तर आधी समितीला विचारावे.

मित्रासोबतच्या फोटोंबद्दलही सावध राहावे. मुलाच्या हातात त्याने घडवलेली मूर्ती पाहून कोणालाही फोटो टाकावासा वाटतो, परंतु हे मूल प्रतिपालनात आहे हे कळेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र किंवा नाव प्रसिद्ध करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फोटो काढावा, छापून घ्यावा आणि मुलाजवळ द्यावा.

मोकळीक द्यावी ती कशी

पारख झाली, कळवून झाले, की प्रतिपालकांसमोरचे खरे कठीण काम सुरू होते, आणि ते म्हणजे मागे राहणे. आपण ज्या मुलासाठी इतके करतो ते दुसऱ्याकडे हसते आणि आपल्याकडे गप्प बसते, याचे दुःख होते. ते दुःख खरे आहे, पण त्याचा भार मुलावर पडू देऊ नये. ‘तिथे बरे तुला बोलायला सुचते’ हे एक वाक्य मुलाला पुन्हा एकदा दोन माणसांमधून एकाची निवड करायला लावते, आणि अशी निवड करायला लागणे हेच त्याच्या आयुष्यातले मूळ दुखणे असते.

भेट हे बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नये. गुण कमी पडले म्हणून चित्रशाळा बंद, असे करणाऱ्या कुटुंबांचा हेतू चांगला असतो. मात्र मूल त्यातून एवढेच शिकते की माझ्याजवळचे कोणतेही नाते कोणीही कधीही काढून घेऊ शकतो. शिस्त लावायची तर खेळाचा वेळ किंवा टीव्ही कमी करावा. त्याचप्रमाणे मित्राला घरी सतत जेवायला बोलावून, त्याच्याकरवी मुलाला उपदेश करवून, ती मैत्री आपल्या ताब्यात घेण्याचा मोह टाळावा. ‘त्याला जरा अभ्यासाचे सांगा हो’ असे मूर्तिकाराच्या कानात सांगितले, की त्या जागेचा मोकळेपणा गेला. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेखाली प्रतिपालनासाठी दरमहा 4,000 रुपयांचे साहाय्य आहे. ते पुस्तके, औषध आणि कपड्यांबरोबर मित्राकडे जाण्याच्या बसभाड्यालाही वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेच्या बाबतीत थोडे अधिक उदार व्हावे लागते. गोव्यात प्रतिपालनात येणारी काही मुले कर्नाटकातून किंवा उत्तरेकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांतील असतात, आणि मराठी-कोकणी घरात आल्यावर त्यांची घरची भाषा एकाएकी मुकी होते. अशा एखाद्या मुलीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिच्या आईसारखे कन्नड बोलणारी भाजीवाली भेटली आणि ती दर आठवड्याला तिच्याशी चार शब्द बोलू लागली, तर बाजाराला जाताना तिला मुद्दाम सोबत न्यावे, आणि त्या दोघी बोलत असताना भाव करण्याची घाई करू नये. मुलगी मराठी विसरेल किंवा आपल्यापासून दूर जाईल ही भीती बाळगू नये. जिथे तिची पहिली भाषा ऐकली जाते त्या गावात ती अधिक लवकर रुळते.

हंगाम संपल्यावर, आणि चवथीला

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की चित्रशाळा रिकामी होते आणि अशा मैत्रीवर पहिली कसोटी येते. ज्या मुलाने अनेक माणसे अचानक नाहीशी झालेली पाहिली आहेत, त्याला रिकामी चित्रशाळा म्हणजे आणखी एक सोडून जाणे वाटू शकते. म्हणून पाट घरोघरी जायला लागण्याआधीच पुढचा बेत ठरवावा: मूर्तिकार एरवी काय करतात, शेती की बागायत, मुलाने त्यांना कधी आणि कुठे भेटायचे, हे दोघांच्या समोर बोलून घ्यावे. महिन्यातून एक ठरलेला दिवस पुरतो, मात्र तो पाळला गेला पाहिजे. काही कारणाने भेट होणार नसेल तर मुलाला आदल्या दिवशी सांगावे, ऐन वेळी नव्हे.

चवथीला आपण सगळे मूळ घरी जमतो, आणि तिथे बाहेरगावचे नातेवाईक मुलाकडे पाहून ‘हा कोण?’ असे विचारतात. उत्तर घरातल्या सर्वांनी आधी ठरवून ठेवावे, ते एकच असावे आणि मुलाला ते ठाऊक असावे. त्याहून चांगले म्हणजे त्या दिवशी त्याला त्याच्या मैत्रीतून आलेले काम द्यावे. वर सांगितलेल्या घरात मूर्ती आणायला मुलगाच गेला. मूर्तिकारांना विडा आणि दक्षिणा त्याच्याच हातून दिली गेली, आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना कवंडळे, मट्टीची फळे आणि सुपारीचे कातरे कोणते कुठे बांधायचे ते घरच्या काकांनी त्याला शिकवले, कारण हातांनी काम करताना तो बोलतो हे आता त्यांनाही समजले होते. नातेवाइकांनी विचारले तेव्हा काका म्हणाले, ‘या वर्षीच्या गणपतीची माती याने मळली.’ पुढे कोणी काही विचारले नाही.

मूल दुसरीकडे जाणार असेल तर

प्रतिपालन हे बहुधा ठरावीक काळापुरते असते. मूल आई-वडिलांकडे परत जाऊ शकते. केंद्र सरकारच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळे असेल तर पूर्वीच्या पाचऐवजी दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकते. आणि अठराव्या वर्षी मुलाची स्वतंत्र वाटचाल सुरू होते. यांपैकी काहीही घडले तरी मैत्री संपण्याचे कारण नाही, आणि ती टिकवण्याची तयारी प्रतिपालकांनी वेळेत करावी.

निरोपाची भेट अवश्य घडवावी, ती रडू येईल म्हणून टाळू नये. काय घडणार आहे ते वयस्क मित्राला मुलाच्या संमतीने आणि आवश्यक तेवढेच आधी सांगावे, म्हणजे त्यांनाही धक्का बसणार नाही आणि ते खोटी आश्वासने देणार नाहीत. एका लहान वहीत मित्राचे पूर्ण नाव, घराचा पत्ता, वाडा, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि त्यांच्या घरातल्या आणखी एका माणसाचे नाव लिहून द्यावे, कारण मित्र वयस्क असेल तर काही वर्षांनी उत्तर द्यायला ते असतीलच असे नाही. वही हरवू शकते, म्हणून तिची प्रत बाल संरक्षण कक्षाच्या फाईलमध्ये लावून घ्यावी. मूल जिथे जाणार आहे त्या घरच्यांना भेटून ही मैत्री काय आहे ते सांगावे, आणि समितीची हरकत नसल्यास वर्षातून निदान एकदा, चवथीच्या आधी, मुलाला चित्रशाळेत आणण्याची जबाबदारी कोण घेईल, बसभाडे कोण देईल आणि त्या दिवशी तो कोणाकडे जेवेल, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.